‘नाहीं’वरचा अनुस्वार

वाङ्मयचौर्यावर बेतलेली प्रेम-रहस्य कादंबरी मराठीत लिहायची तर खून कुणाचा पाडायचा हे नंतर बघता येतं. आधी ठरवावं लागतं, चोरी म्हणायचं कशाला. मी प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचते. छापावं, परत करावं की पुन्हा लिहून घ्यावं याचा अहवाल देते. हे काम चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला बसून होतं का, असं पुण्यामुंबईकडची मंडळी अजून विचारतात. होतं. नवरा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, होता, निवृत्तीनंतर आम्ही गावातच राहिलो. पूर्वी गठ्ठे चंद्रपूरहून कुरियरने यायचे, आता फाइल फोनवर येते. बाकी फरक एवढाच, की इथे पानांवर पहिला हात कोळशाच्या धुळीचा फिरतो, मग माझा.

यंदा आलेल्या एका हस्तलिखिताचा विषयच वाङ्मयचौर्य होता. नायिका सदाशिव पेठेतल्या प्रकाशनसंस्थेत संपादक, नायक लोकप्रिय कादंबरीकार. दोघांचं जुळतं. मग संस्थेच्या जुन्या कपाटात तिला एका दिवंगत लेखिकेचं परत न गेलेलं हस्तलिखित सापडतं, आणि नायकाची गाजलेली कादंबरी त्यातूनच उचललेली आहे हे तिच्या लक्षात येतं. पुढे निनावी फोन, पाठलाग, लोणावळ्याच्या बंगल्यातली एक पावसाळी रात्र. लिहिणारी तरुण आहे, हात चांगला आहे, संवाद तर फारच चांगले. पण त्यातलं प्रकाशनाचं जग पुण्यातलं नव्हतं. लेखकाचे एजंट, कोटींचे आगाऊ करार, हस्तलिखितावर पहारा! हे सगळं इंग्रजी कादंबऱ्यांमधून आलं होतं. चोरीवरच्या कादंबरीतलं जगच उसनं, याचं मला हसू आलं. पण नुसतं हसून अहवाल पुरा होत नाही.

मुळात मराठीतली ही दोन्ही घराणी, प्रेमकथेचं आणि रहस्यकथेचं, उसन्या भांडवलावरच उभी राहिली. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मध्ये येऊ लागली तेव्हा तिच्यामागे रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची लंडनची रहस्यं उभी होती. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी तर रेनॉल्ड्सला धोतर नेसवून महाराष्ट्रभर हिंडवलं. ‘बंधुद्वेष’, ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ या कादंबऱ्या वाचून रात्री जागवणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. ना. सी. फडके म्हणजे मराठी प्रेमकादंबरीचे अनभिषिक्त राजे. त्यांची पहिलीच कादंबरी ‘अल्ला हो अकबर!’ (१९१७) मेरी कॉरेलीच्या ‘टेंपोरल पॉवर’वर बेतलेली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड गिरगावात वावरत असले तरी त्यांच्या कोटाची शिलाई विलायती होती. यामुळे ही माणसं माझ्या लेखी लहान होत नाहीत. लोकांना वाचायची सवय त्यांनी लावली, आणि त्या सवयीवर माझ्यासारख्यांचं पोट चालतं.

भयकथाकार नारायण धारपांचं उदाहरण मला अधिक गुंतागुंतीचं वाटतं, आणि ते आमच्या भागातून जातं. ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची ‘आजी’ ही कथा सांगितली. नागझिरा म्हणजे गोंदिया जिल्हा, आमच्याच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा मुलूख. रात्रीच्या जंगलात ऐकलेल्या त्या गोष्टीने मुलगा इतका घाबरला की ती त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिली आणि २०१८ मध्ये ‘तुंबाड’ पडद्यावर आला. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’कडून आलं. आणि ‘आजी’चं बीज? ते स्टीफन किंगच्या १९८४ च्या ‘ग्रॅमा’ या कथेत. म्हणजे अमेरिकेतल्या एका घरातली आजारी म्हातारी पुण्याच्या लेखकाच्या हातून मराठी झाली, तोंडी गोष्ट होऊन नागझिऱ्याला पोचली, आणि तिथून कोकणातल्या वाड्यात शिरली. ‘तुंबाड’ला कोणी चोरी म्हणत असेल तर मी त्याच्याशी भांडेन. त्यात हस्तर नावाच्या देवाभोवती उभारलेली जी दुनिया आहे ती किंगकडेही नाही आणि धारपांकडेही नाही.

मात्र मधला एक दुवा लपला तर काय होतं, हे आमच्या गावाला वेगळ्या प्रकारे ठाऊक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. जुन्या रूपांतरित कादंबऱ्या ‘आधारित’ ही ओळ गाळून पुन्हा छापल्या जातात तेव्हा मला तो वॉर्ड आठवतो. नवा वाचक, नवा निर्माता, मालिकेचा नवा लेखक त्यावर विश्वासाने मजले चढवत जातो.

आता माझ्या धंद्यातल्या गोष्टी. उचल ओळखायची तर कथानकात शोधू नये. प्रेमाचे त्रिकोण आणि हरवलेली मृत्युपत्रं सगळ्यांकडे सारखीच असतात. मी शुद्धलेखन बघते. एका ऐतिहासिक प्रेमकथेच्या मध्यावर, सगळं नीट चाललेलं असताना, अचानक एक ‘नाहीं’ आला. डोक्यावर अनुस्वार. दोन पानांनी ‘कां’, आणखी पुढे ‘त्यानें’. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि उच्चारात न उरलेले हे अनुस्वार शाळेतून हद्दपार झाले. लेखकाचा जन्म त्यानंतरचा. त्याच्या बोटांना हे टिंब शिकवलं कुणी? पुढ्यात जुनं पुस्तक उघडं ठेवून टंकन झालं होतं. बहुतेक अनुस्वार वाटेत पुसले गेले, तीन राहून गेले. मूळ पुस्तक एका जुन्या वाचनालयाच्या मोडक्या कपाटात मिळालं. पोलिसांना बोटांचे ठसे मिळाल्यावर काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. तसंच नाण्यांचं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. आजच्या काळात घडणाऱ्या गोष्टीत चहावाला ‘दोन आणे’ मागू लागला की पेन्सिल खाली ठेवून मी उठते आणि जुन्या पुस्तकांकडे वळते.

याहून खात्रीचा पुरावा म्हणजे सारखी चूक. ही युक्ती माझी नाही. पाठचिकित्सेतली जुनी रीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, नागपूरच्या वि. भि. कोलत्यांनी ‘लीळाचरित्रा’च्या पोथ्या ताडून १९७८ मध्ये ते छापलं. त्या सगळ्या व्यवहारात एक नियम पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो: दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण बरोबर ते कुणालाही सुचू शकतं. चूक सारखी असेल तर नातं जवळचं. एका कादंबरीत ‘शांता’ नावाची मावशी एकाच परिच्छेदात ‘कांता’ झाली होती. साधी टंकनचूक म्हणून मी दुरुस्त करणार, तेवढ्यात आठवलं, हीच मावशी हाच अपघात होऊन आधीही भेटली आहे. पन्नासच्या दशकातल्या एका पुस्तकात खिळे जुळवणाऱ्याच्या हातून ती कांता झाली होती.

परभाषेतून न सांगता आणलेला माल हवामानावरून ओळखू येतो. चंद्रपूरला मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो. अशा दिवसांत ताडोब्याजवळच्या विश्रामगृहात नायक शेकोटी पेटवून नायिकेच्या खांद्यावर शाल घालतो, हे मी स्वतः वाचलं आहे. मूळ कथा स्कॉटलंडची निघाली. हावभावही चुगली करतात. आपल्याकडची बाई मान वेळावते, नाक मुरडते, पदर खोचते. उत्तर नसेल तर हात हलवते. ती दर तीन पानांनी खांदे उडवू लागली किंवा खालचा ओठ चावू लागली की समजावं, पदराखाली झगा आहे.

यंत्र हे काम करेल असं अनेकांना वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले: प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर माफ, चाळीसपर्यंत सुधारून द्या, साठपर्यंत वर्षभर थांबा, त्याहून जास्त तर नोंदणीच रद्द. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ असो की मुंबईचं, सगळ्यांना हेच. पण मराठी मजकूर वर्षानुवर्षं जुन्या डीटीपी फाँटमध्ये जुळवला गेला. डोळ्यांना दिसते देवनागरी, संगणकाला त्यातून दिसतात रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. असा मजकूर तपासायला टाका, साम्य निघेल शून्य टक्के! शिवाय ज्या पुस्तकातून उचललं ते कुठे स्कॅन झालेलं नसेल तर यंत्र जुळवणार कशाशी? निदान ललित गद्यापुरतं अजून डोळे आणि आठवण यांच्यावरच भागवावं लागतं.

हे झालं पकडण्याचं. पकडल्यावर लेखक काय सांगतात ते जास्त रंजक असतं. ती कारणं मी जमवून ठेवली होती, आणि एक दिवस ती सगळीच्या सगळी एका जुन्या ग्रंथात ओळीने मांडलेली दिसली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, इसवी सनाच्या ९०० च्या आसपासची. हा कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारात होता, पण त्याचा पणजोबा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवला जायचा, आणि याने काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते आपल्या विदर्भात, वत्सगुल्मात, म्हणजे वाशिमला. १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा ग्रंथ पहिल्या क्रमांकावर छापला गेला. त्यातले तीन अध्याय केवळ उचलेगिरीवर आहेत. शब्द कसे घ्यावेत, अर्थ कसा घ्यावा, नुसतं प्रतिबिंब कुठलं आणि परक्या देहात शिरून केलेलं नवं काम कुठलं, याची एवढी बारीक प्रतवारी आपल्या एकाही विद्यापीठाच्या नियमांत नाही.

तिथे आधी जाणत्यांचं मत येतं: हे शिकवूच नये, बाकीच्या चोऱ्या काळाच्या ओघात विरून जातात, शब्दांची चोरी मुलानातवंडांपर्यंत पुरते. त्यावर अवंतिसुंदरी बोलते. ती राजशेखराची बायको, चौहान घराण्यातली; त्याचं ‘कर्पूरमंजरी’ हे नाटक तिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आलं. ती म्हणते, माणूस घेतो तेव्हा त्याच्याजवळ कारणं असतात. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याचं कथानक कुणाला माहीत नाही, माझं चाललेलं आहे. त्याची वाणी गुळवेल, माझी द्राक्ष. त्याची भाषा निराळी, माझी निराळी. हे ज्यांना ठाऊक होतं ते आता उरले नाहीत. याचा कर्ता दूरदेशी राहतो. मूळ ग्रंथच नष्ट झाला आहे. मूळ तर म्लेच्छाचं आहे. अभ्यासक याला सवलतींची यादी समजतात. मला त्यात एका कवीशी संसार केलेल्या बाईचा तिरकस सूर ऐकू येतो. तो माझा ग्रह असेल तर असो.

ही यादी पुढ्यात ठेवून मराठीकडे बघा. रेनॉल्ड्स दूरदेशी, शिवाय म्लेच्छ. कॉरेलीची भाषा निराळी. जुन्या वाचनालयातल्या त्या पुस्तकाचे जाणते उरले नव्हते. हस्तलिखितातल्या नायकाचं कारण तर पहिलंच: ती अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. फक्त तुकोबांच्या बाबतीत हिशेब उलटा झाला. सालोमालो नावाचा माणूस तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावाने खपवत होता, आणि तुकोबांनी त्याचा समाचार अभंगांतच घेतला. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. एवढी बदलली की काम झालं. उलट्या बाजूने, तुकोबांची मुद्रा लावून दुसऱ्यांनी किती अभंग गाथेत सरकवले हा वाद संपलेला नाही. चोराने आपलाच माल दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवावा आणि त्या घरमालकाचं नाव सांगावं, ही तऱ्हा आपल्याकडच्या भक्तिपरंपरेत बघायला मिळते.

जगात अशा गोष्टी प्रेमकादंबऱ्यांतही घडल्या, आणि त्या पकडल्या वाचकांनी. अमेरिकेत जॅनेट डेली हिने नोरा रॉबर्ट्सच्या कादंबऱ्यांतून वर्षानुवर्षं उतारे घेतले; एका वाचक बाईने दोघींची पुस्तकं लागोपाठ वाचली म्हणून १९९७ मध्ये ते उघड झालं. मिळालेली भरपाई रॉबर्ट्सने साक्षरतेच्या कामाला देऊन टाकली. २००८ मध्ये कॅसी एडवर्ड्सचं प्रकरण निघालं. तिच्या ‘शॅडो बेअर’ कादंबरीत नायक-नायिका प्रणयानंतर काळ्या पायांच्या फेरेट नावाच्या प्राण्याची शास्त्रीय माहिती एकमेकांना ऐकवू लागतात. ती माहिती एका वन्यजीव लेखातून उचललेली होती. माणसं प्रेमात असताना असं बोलत नाहीत, हे वाचकांना कळलं आणि प्रकाशकाच्या संपादकाला कळलं नाही! माझ्या व्यवसायाची यापेक्षा जास्त नाचक्की मला आठवत नाही.

माझ्याकडच्या त्या हस्तलिखिताच्या लेखिकेने शेवटची तीन प्रकरणं कोर्टात नेली होती. वकील पानं फडकावतो, न्यायाधीश नायकाला तुरुंगात धाडतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तुरुंगवास आहे हे खरं, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. पण ‘आर. जी. आनंद’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगून टाकलं की कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचा लेखक ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाविरुद्ध दोन दशकं लढून हरला. बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड ही जगभर खपणारी कादंबरीकार २००३ मध्ये ‘करिश्मा’ या हिंदी मालिकेविरुद्ध थेट कलकत्ता उच्च न्यायालयात भांडली. तिलाही मालिका कायमची थांबवता आली नाही. लेखकांना जास्त उपयोगाचं कलम ५७ आहे. हक्क विकले तरी ‘हे माझं’ म्हणण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार त्याने लेखकाकडे राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध याच कलमावर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने हस्तलिखित पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं, हा उपाय अजून लोक मला मोठ्या विश्वासाने सांगतात. पाकीट जपा, त्यावर फार भिस्त ठेवू नका.

अहवालात मी लिहिलं की कोर्ट काढा आणि लोणावळाही काढा. कथा वडशाला न्या.

झाडीपट्टीची रंगभूमी ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे कळायचं नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हा तिचा मुलूख. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, ही तिची पेठ. दिवाळीत भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात, आणि होळीपर्यंत गावोगाव रात्री नाटकं होतात. प्रयोग रात्री सुरू होतो आणि पहाटेला संपतो. धान निघालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात. परशुराम खुणे या तिथल्या नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या काही लोकांना या रंगभूमीचा पत्ता लागला. या नाटकांत प्रेम असतं, खून असतो, सुनेचा छळ असतो, विनोदी जोडी असते, मध्येच लावणी येते. म्हणजे जिला प्रकाशक ‘प्रेम-रहस्य’ म्हणतात ती चीज इथे लोक थंडीत घोंगडी पांघरून, पैसे मोजून, रात्रभर बघतात. पुस्तकाला मिळत नाही ते सगळं या नाटकांच्या लेखकाला मिळतं. नाव तेवढं मिळेलच असं नाही.

इथे उचल दोन्ही दिशांनी चालते. हिंदी चित्रपटाची गोष्ट वऱ्हाडी-झाडीचे कपडे घालून पुढच्या हंगामात तंबूत उभी राहते. त्याबद्दल कुणाला लाज वाटत नाही आणि मलाही फारशी वाटत नाही. पण संहिता वहीत असते, बहुधा एकरकमी विकलेली, छापलेली नसते. नटमंडळी एका कंपनीतून दुसरीकडे जातात, संवाद पाठ असतात, वहीची नक्कल निघते, नाटकाचं नाव बदलतं, आणि मूळ लेखक तिकीट काढून आपलंच नाटक दुसऱ्याच्या नावावर बघतो. त्याच्याकडे तारीख घातलेलं पुस्तक नाही. साक्षीदार म्हणून आहेत ते अख्ख्या गावातले प्रेक्षक, ज्यांना तिसऱ्या अंकात नायिका दिवा फुंकून काय म्हणते ते तोंडपाठ आहे, पण लेखकाचं नाव आठवत नाही. अवंतिसुंदरीची पहिली चार कारणं इथे एका जागी मिळतात: अप्रसिद्ध, प्रतिष्ठा नाही, कथानक कुणाला माहीत नाही, वाणी गुळवेल. असा नाटककार मरावा, त्याची वही पुण्याच्या लोकप्रिय लेखकाच्या हाती लागावी, आणि कादंबरी गाजल्यावर तिचं नाट्यरूपांतर फिरत फिरत त्याच गावात प्रयोगाला यावं. मग एजंटची गरज नाही, पाठलागाची नाही. तिसऱ्या अंकात दिवा फुंकण्याआधीच घोंगड्यांतून संवाद ऐकू येतील, आणि पहिल्या रांगेतल्या कोचावर सत्काराला बसलेला नायक गार पडेल. शेजारी नायिका बसलेली असेल.

लेखिकेचा फोन आला. वडसा तिला पटलं. ती हंगामात नाटक बघायलाही येणार आहे. तिची अडचण दुसरीच होती. “मॅडम, त्याचं पुढे काय करू? प्रेमकथा आहे, दोघांना एकत्र आणावं लागेल. रहस्यकथा आहे, त्याला शिक्षा व्हावी लागेल.” प्रश्न बरोबर होता. या दोन प्रकारांचं एरवी बरं चालतं, कारण खुनी तिसराच कोणी निघतो आणि प्रेमी मोकळे होतात. इथे चोर आणि प्रियकर एकच आहेत. प्रेमकथेचा वाचक मारामारी, खोटं बोलणं, पहिलं लग्न लपवणं, सगळं माफ करतो. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून ज्याने नायिकेला वाचून दाखवलं आणि त्यावर तिचं प्रेम मिळवलं, त्याला तो कसा माफ करेल? ती कुणाच्या प्रेमात पडली होती, समोरच्याच्या की वहीवाल्याच्या?

मी तिला म्हटलं, तुरुंग नको आणि आत्महत्या तर मुळीच नको. त्याने दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावर त्या नाटककाराचं नाव छापावं, पैसे त्याच्या घरी पोचवावेत, आणि नायिकेने आवृत्ती हातात येईपर्यंत होकार देऊ नये.

“पण मॅडम,” ती म्हणाली, “पहिली पाचशेची आवृत्ती संपायलाच आमच्याकडे सहा वर्षं लागतात.”

मग नायिकेचं वय सुरुवातीलाच थोडं कमी करून घे, असं मी सुचवलं आहे.